ओळखीच्या चालीवर एकट्या वुडविंडसाठी पीस लिहायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लूट, क्लॅरिनेट, ओबो, बसून, सॅक्सोफोन, रेकॉर्डर, बासरी यातलं कुठलंही एकच वाद्य, बाजूला पियानो नाही, तबला नाही, ट्रॅक नाही, आणि हातात सगळ्यांना माहीत असलेली एक चाल. त्यातून पीस कसा उभा करायचा याबद्दल जे प्रश्न सारखे येतात ते इथे एकत्र केलेत. उदाहरणं सरगममध्ये दिलीत म्हणजे कुठल्याही पट्टीत वाजवून बघता येतील. सगळे स्वर शुद्ध धरा, वेगळं असेल तिथे तसं लिहिलंय.

ओळखीचीच चाल कशाला? स्वतःची नवीन का नको?

नवीन घ्या की, कोण नाही म्हणतंय. पण एकट्या वाद्याचं दुखणं काय असतं ते आधी बघा. कॉर्ड नाही, बेस नाही, ठेका नाही, जे काय सांगायचं ते एका ओळीतून, आणि मधे वादकाला श्वास घ्यायचा असतो तेव्हा तर तेही बंद पडतं. चाल ओळखीची असली की ती ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीच वाजत असते, तिच्या हार्मनीसकट, ठेक्यासकट. म्हणजे साथ आहेच, फक्त ती स्टेजवर नाही. त्यामुळे तुम्ही अर्धी ओळ वाजवून थांबू शकता, शेवटचा सा लांबवू शकता, मधला अख्खा तुकडा गाळू शकता, समोरचा माणूस तो मनातल्या मनात भरतो. नवीन चालीत तीच शांतता नुसती शांतता राहते. माझ्या मते या प्रकारातली सगळी मजा इथेच आहे, की काय वाजवायचं याच्याइतकंच काय वाजवायचं नाही हेही तुम्ही लिहिताय. खालची बरीचशी उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतात.

हे आधी कोणी केलंय का, की काहीतरी विचित्र करतोय मी?

भरपूर जणांनी केलंय, शेकडो वर्षांपासून. सतराव्या शतकात नेदरलँड्समधल्या उत्रेख्तमध्ये याकोब फान आयक नावाचा वादक होता, दृष्टिहीन, नोकरी चर्चच्या घंटा वाजवायची आणि हातात रेकॉर्डर. त्याचा 'डेर फ्लाउटेन लुस्टहोफ' हा संग्रह १६४० च्या दशकात छापला गेला, त्यात दीडशेच्या आसपास पीसेस आहेत आणि बहुतेक सगळ्या त्या काळी लोकांच्या तोंडी असलेल्या चाली, प्रार्थनागीतं, नाचाच्या धुना, त्यावर एकट्या रेकॉर्डरसाठी केलेली व्हेरिएशन्स, म्हणजे तीच चाल फिरवून, सजवून केलेली रूपं. १६४९ मध्ये त्याचा पगार वाढवला तो या अटीवर की संध्याकाळी चर्चच्या आवारात फिरायला येणाऱ्यांना त्यानं अधूनमधून वाजवून दाखवावं. श्रोते म्हणजे चालता चालता ऐकणारी माणसं, चाल आधीच माहीत असलेली. त्याचे पीसेस बघितले तर लक्षात येतं की आधी चाल साधी, मग तिच्या एका नोटेच्या दोन, मग चार, असं चढत जातं आणि मूळ सांगाडा कुठेच सुटत नाही. सुरवातीला त्याचे दोन-चार पीसेस नुसते वाचून काढा, शिकवणीपेक्षा जास्त कळेल.

चाल कशी निवडायची? माझी आवडती घेतली तर चालेल ना?

आवडती असणं पुरेसं नाही. तीन गोष्टी बघा. एक, ती शब्दांशिवाय आणि साथीशिवाय ओळखू येते का, कारण बरीच लोकप्रिय गाणी खरं म्हणजे ठेक्यामुळे किंवा मधल्या म्युझिकमुळे ओळखू येतात आणि नुसती चाल गुणगुणली तर समोरचा "कुठलं बरं हे" करतो. दोन, तिचा पहिला तुकडा चार-पाच स्वरांत ओळख देतो का, कारण पुढे तुम्हाला तेवढाच तुकडा वापरून खेळायचंय. तीन, आवाका किती आहे.

बेथोवनच्या नवव्या सिम्फनीतली, म्हणजे १८२४ सालची, ती आनंदाची चाल ('ओड टू जॉय') घ्या: ग ग म प, प म ग रे, सा सा रे ग, ग ऽ रे रे. जवळजवळ सगळी लागून लागून चालते, उड्या नाहीत, सा ते प एवढ्यातच फिरते. फक्त तिसऱ्या ओळीच्या शेवटी एकदाच खाली मंद्र पंचमावर, म्हणजे सा च्या खालच्या प वर जाते, आणि तिथून चौथी ओळ एक मात्रा आधीच उचलते, म्हणजे ग ठरलेल्या जागेच्या अलीकडेच येतो. सोप्या पुस्तकांतून हा झटका सरळ करून टाकलेला असतो आणि मग ती चाल थोडी मिळमिळीत होते. अशा जागा शोधा. जिथे चाल स्वतःच जरा वाकडी जाते तिथे व्हेरिएशनला खाद्य मिळतं, सगळीकडे गुळगुळीत असलेल्या चालीत दोन पानांनंतर काय करायचं हेच सुचत नाही.

खूप सजवलेली, आधीच हरकती-मुरक्यांनी भरलेली चाल शक्यतो नको. तिच्यावर अजून काय चढवणार?

कॉपीराइटचं काय?

जुनी लोकधून किंवा दोनशे वर्षांपूर्वीच्या संगीतकाराची चाल असेल तर मूळ चालीवर हक्क उरलेला नसतो. तसं नसेल तर मुदत देशागणिक बदलते: बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, किमान मर्यादा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ५० वर्षं आहे, भारतात ६०, बऱ्याच देशांत ७०. आणि एक गोष्ट लोक विसरतात, की चाल जुनी असली तरी तुम्ही ज्या अरेंजमेंटवरून ती उचलताय ती कालपरवाची असू शकते आणि तिच्यावर वेगळा हक्क असतो, म्हणून मूळ स्वरूप शोधून तिथूनच सुरवात करा. "सगळेच वाजवतात" हा पुरावा नाही. वाढदिवसाला जगभर म्हणतात त्या गाण्यावरसुद्धा अमेरिकेत कितीतरी वर्षं पैसे घेतले जायचे, २०१५ मध्ये तिथल्या कोर्टानं तो दावा चालणार नाही असं सांगितलं तेव्हा कुठे ते सुटलं. हयात संगीतकाराची किंवा अलीकडच्या सिनेमातली चाल असेल तर घरी सरावाला लिहा, छापायच्या आधी मात्र लेखी परवानगी घ्या.

कुठल्या वाद्यासाठी लिहू?

जे वाजवणारा माणूस तुमच्या ओळखीचा आहे त्या वाद्यासाठी. खरंच. तरी थोडक्यात स्वभाव सांगतो. फ्लूट खालच्या सप्तकात हळू आणि मऊ, तिथे जोरात वाजव म्हटलं तर फार काही होत नाही, आणि अगदी वर गेलं की हळू वाजवणं अवघड. ओबो आणि बसून बरोबर उलट, सगळ्यात खालचे स्वर दणकून येतात, तिथे हळुवार शेवट लिहिलात तर वादक तुमच्या नावानं खडे फोडेल. क्लॅरिनेट जवळजवळ शून्यातून आवाज काढतं आणि शून्यात नेऊन सोडतं, त्यामुळे प्रतिध्वनीसारखे खेळ त्याच्यावर फार छान होतात. सॅक्सोफोन मोकळं वाद्य, पण अगदी खालचे स्वर हळू काढायला तिथेही मेहनत आहे.

आता याचा चालीशी संबंध काय? तर तुमचा सगळ्यात जोरकस क्षण आणि सगळ्यात हळवा क्षण चालीच्या कुठल्या स्वरावर येतो ते बघा, आणि तो स्वर त्या वाद्यावर तसा वाजतो का ते बघा. नुसतं "रेंजमध्ये बसतंय" म्हणून भागत नाही.

पट्टी कशी ठरवू? मूळ पट्टीच ठेवायची का?

मूळ पट्टीचा आग्रह सोडा. वरचीच बेथोवनची चाल मूळ डी मेजरमध्ये आहे. फ्लूटवर मधल्या सी च्या वरच्या एफ शार्पपासून सुरू केली तर तिसऱ्या ओळीतला मंद्र पंचम म्हणजे ए, आणि साध्या फ्लूटचा सगळ्यात खालचा स्वर सी, म्हणजे तो पंचम वाद्यावर नाहीच. एफ मेजरमध्ये नेली तर पंचम बरोबर त्या शेवटच्या सी वर येतो, वाजतो पण पुसट. जी मेजर बरं, डी येतो. किंवा सरळ एक सप्तक वर उचला, पण मग सुरवातीचा साधेपणा जातो.

क्लॅरिनेटची गंमत वेगळी. झोपाळू लहान मुलांसाठी म्हणतात ती ताऱ्याची चाल ('ट्विंकल ट्विंकल लिटल स्टार'), सा सा प प ध ध प, तुम्ही लिहिलेल्या मधल्या सी वरून सुरू केलीत तर प आणि ध येतात जी आणि ए वर, आणि हे नेमके क्लॅरिनेटचे गळ्यातले स्वर (थ्रोट टोन्स म्हणतात ते), इतरांपेक्षा पातळ आणि जरा धुरकट. म्हणजे चालीचा जो माथा तोच फिका. तीच चाल खालच्या एफ वरून सुरू करा, सगळं जाड, गडद सप्तकात राहतं. किंवा वरच्या सी वरून. मधेच नको. आणि बी फ्लॅटवरून बी वर जाताना एकदम सगळी बोटं खाली यावी लागतात, तेव्हा त्या दोघांमध्ये लांबलचक ट्रेमोलो (दोन स्वरांत भरभर मागेपुढे) लिहू नका.

सुरवातीला चाल सरळ वाजवून दाखवायची ना?

शंभरातले नव्वद लोक तसंच करतात आणि त्यात चूक काही नाही. पण चाल खरोखर सगळ्यांना माहीत असेल तर ती सुरवातीला सांगायची गरजच काय, हाही विचार करा. ताऱ्याची चाल तुकड्यांनी सुरू करता येते: नुसती सा-प ही उडी, मग थांबणं, मग परत सा-प पण वेगळ्या सप्तकात, मग ध ला नुसता स्पर्श. ऐकणाऱ्याला शंका येते, मग खात्री पटते, आणि पूर्ण चाल शेवटी किंवा मधे कुठेतरी एकदाच उघडी येते. मला हा दुसरा रस्ता जास्त आवडतो. पण चाल निम्म्या लोकांनाच माहीत असेल तर हे करू नका, त्यांना कोडंच कळणार नाही.

व्हेरिएशन म्हणजे एका नोटेच्या जागी चार नोटा, बरोबर?

तो एक प्रकार झाला, आणि सगळ्यात सोपा. ताऱ्याच्याच चालीवर बघा. सांगाडा आहे सा प ध प, म ग रे सा, प्रत्येक स्वराला दोन मात्रा. आता प्रत्येक दोन मात्रांत चार स्वर भरायचे, पण पहिला स्वर सांगाड्यातलाच ठेवायचा:

सारेगम पधपम धसांनिध पऽऽऽ
मपमग गमगरे रेगमरे साऽऽऽ

वाजवून बघा, चाल ऐकू येते. का? कारण कानाला जोराची मात्रा पकडायची सवय असते आणि जोरावर सांगाडा शाबूत आहे. आता हेच स्वर एका जागेनं सरकवा, म्हणजे सांगाड्याचा स्वर जोराच्या मागून येईल. चाल लगेच धूसर होते. म्हणजे किती लपवायचं याची चावी तुमच्या हातात आली, जोरावर ठेवलं की दिसतं, जोरावरून काढलं की लपतं.

पण तेवढ्यावर थांबलात तर पीस म्हणजे सरावाचा पाठ वाटायला लागतो, जास्त नोटा, अजून जास्त नोटा, टाळ्या. म्हणून उलटही करा. स्वर कमी करा. सा, मग लांब विराम, मग ध, मग नुसता शेवटचा सा. किंवा लय तीच ठेवा आणि स्वर बदला: टा टा टा टा टा टा टाऽ एवढा ठेका एकाच स्वरावर वाजवला तरी लोकांना चाल कळते. किंवा चाल उलटी लटकवा, वर जाते तिथे खाली न्या. किंवा ग आणि ध कोमल करा. माहलरनं पहिल्या सिम्फनीत लहान मुलांची 'फ्रेर झाक' ही चाल अशीच मायनरमध्ये नेऊन एकट्या डबल बासला दिली आणि तिची चक्क अंत्ययात्रा झाली. स्वर फार बदललेच नाहीत, पण ऐकणाऱ्याला हसरी मूळ चाल माहीत आहे म्हणून तर ते इतकं लागतं.

सप्तक बदलणं हेही हत्यार जबरदस्त आहे आणि लोक कमी वापरतात. सा खाली, प दोन सप्तकं वर, ध परत खाली. चाल तीच, पण कोपऱ्यातून कोपऱ्यात उडते.

एकाच वाद्यावर हार्मनी कशी आणायची? कॉर्ड तर वाजत नाही.

दोन ओळी एकाआड एक वाजवून. सा सां प सां ध सां प सां, असं पटापट वाजवलं की कान वरचा सां वेगळा काढतो आणि खालची चाल वेगळी, एक माणूस दोन वाद्यं वाजवतोय असं वाटतं. एकोणिसाव्या शतकातल्या फ्लूटवाल्यांनी याच्यावर सर्कशी केल्यात, व्हेनिसच्या कार्निव्हलच्या त्या प्रसिद्ध धुनेवरची व्हेरिएशन्स ऐका, ब्रिचाल्दीची वगैरे. त्यात पियानोची साथ आहे, पण फ्लूटची ओळ एकटी काढून बघितली तरी युक्ती कळते.

दोन पथ्यं. दोन्ही आवाजांत अंतर हवं, तीन-चार स्वरांच्या फरकात कान वेगळं करत नाही, सगळं एकच ओळ वाटतं. आणि फ्लूटवर चाल खालच्या सप्तकात आणि भरणा वरच्या असं केलंत तर भरणाच चालीला खाऊन टाकतो, तेव्हा वरचे स्वर आखूड लिहा आणि खालच्यावर ॲक्सेंट द्या. क्लॅरिनेटवर दोन सप्तकांचे रंगच वेगळे असल्यानं हे आपोआप जमतं.

दुसरा उपाय, कॉर्ड मोडून वाजवणं. बाखची एकट्या फ्लूटची ए मायनर पार्टिटा बघा, पहिल्या भागात एक सरळ ओळ पळतेय आणि तरी बेस, मधला आवाज, वरचा आवाज सगळं समजतं. चालीची मूळ हार्मनी लोकांच्या कानात असल्यामुळे तुम्हाला तर कॉर्डचा एकच योग्य स्वर दाखवला तरी पुरतं. आणि मुद्दाम वेगळा बेस दाखवलात, म्हणजे चालीच्या सा खाली ध ठेवलात, तर सगळ्यांच्या भुवया वर जातात.

सरळ तानपुऱ्यासारखा एक स्वर मागे धरायचा मोह होत असेल तर तीही सोय आहे, बेरिओ या संगीतकारानं १९६९ च्या 'सेक्वेन्झा' नावाच्या ओबोच्या पीसमध्ये बी हा एक स्वर सुरवातीपासून शेवटपर्यंत मागे चालू ठेवलाय. मग तो पीस एकट्याचा राहिला का यावर वाद घालत बसा.

श्वास कुठे घ्यायचा ते वादक बघेल ना?

नाही. तुम्ही बघायचं. पियानोवर बसून लिहिणाऱ्यांचे पीस इथेच पडतात.

हिशेब सोपा आहे. लय मिनिटाला ६० मात्रांची, चार मात्रांचे चार बार म्हणजे १६ सेकंद. फ्लूटवर जोरात, खालच्या सप्तकात एवढं एका दमात होत नाही, कारण फुंक अर्धी बाहेरच जाते. ओबोचं उलटं दुखणं, रीडची फट इतकी बारीक की हवा संपतच नाही, छातीत शिळी होऊन बसते, मग वादकाला आधी ती सोडायची आणि मग नवीन घ्यायची, म्हणजे त्याला छोट्या टिचकीएवढी जागा पुरत नाही, थोडा मोठा विराम लागतो.

मूळ चालीत श्वासाच्या जागा असतात कारण ती माणसांनी गायलेली असते, ताऱ्याच्या चालीत दर आठ मात्रांनी लांब स्वर येतो तो त्याचसाठी. तुम्ही व्हेरिएशनमध्ये तो लांब स्वरसुद्धा नोटांनी भरून टाकला की जागा गेली. तेव्हा यातलं काहीतरी करा: ओळीच्या शेवटचा स्वर अर्धा करा आणि उरलेल्यात विराम लिहा, किंवा भरण्यातली एखादी बिनमहत्त्वाची नोट कंसात टाका म्हणजे दम लागलाच तर ती गाळता येईल, किंवा, आणि हे सगळ्यात चांगलं, श्वास अशा ठिकाणी ठेवा जिथे चालीत स्वर अपेक्षित आहे. सा सा प प ध ध, श्वास. तो राहिलेला प लोकांनी स्वतःच ऐकलेला असतो. वादकाला दम मिळाला आणि पीसला गंमत.

आणि श्वासाच्या खुणा छापा. स्ट्राव्हिन्स्कीनं १९१८ मध्ये एकट्या क्लॅरिनेटसाठी तीन पीसेस लिहिले त्यात स्वल्पविराम टाकून ठेवलेत आणि वर टीप दिलीये की श्वास, ॲक्सेंट, लय सगळं लिहिल्याप्रमाणे काटेकोर पाळा. बाखच्या त्या पार्टिटात उलट, सिक्स्टीन्थ नोट्स (एका मात्रेत चार) थांबतच नाहीत आणि फ्लूटवाले आजतागायत भांडतायत कुठे श्वास घ्यायचा म्हणून. तुम्ही बाख असाल तर तसं सोडा.

नाकानं हवा घेत गालातली हवा सोडत राहायची, म्हणजे सर्क्युलर ब्रीदिंग, हे सगळ्यांना येत नाही. येतं असं धरून लिहू नका.

मल्टिफोनिक (एकाच वेळी दोन-तीन स्वर काढणं), कीज (वाद्याच्या कळा) आपटणं, गात गात वाजवणं हे सगळं टाकलं तर पीस मॉडर्न होईल?

पीस मॉडर्न होईल की नाही माहीत नाही, वादक वैतागेल हे नक्की. ही साधनं नवीनही नाहीत, वारेज या संगीतकारानं १९३६ च्या 'डेन्सिटी २१.५' मध्ये फ्लूटच्या कीजचा आवाज वापरलाय आणि बार्तोलोत्सीचं वुडविंडच्या नव्या आवाजांवरचं पुस्तक १९६७ चं आहे. वापरायचं तर चालीशी नातं जोडून वापरा. उदाहरणार्थ, चाल संपल्यावर तिचा नुसता ठेका कीजवर वाजला तर तो अर्थपूर्ण वाटतो, कारण स्वर नसतानाही चाल ऐकू येते. मल्टिफोनिक लिहिताना बोटांची जागा चित्र काढून द्या आणि ते त्याच वादकाकडून तपासून घ्या, एका मेकच्या वाद्यावर येणारा आवाज दुसऱ्यावर येईलच असं नाही.

किती व्हेरिएशन्स आणि किती मिनिटं?

एकटं वाद्य ऐकायला जड जातं, चार ते सहा मिनिटं भरपूर झाली. द्यब्युसीचं 'सिरिन्क्स' तर तीनेक मिनिटांतच आटपतं.

आकडा महत्त्वाचा नाही, क्रम महत्त्वाचा. मोझार्टनं ताऱ्याच्या चालीवर, तेव्हा ते फ्रेंच गाणं होतं, पियानोसाठी बारा व्हेरिएशन्स लिहिली, त्यात आठवं मायनर, अकरावं संथ आणि बारावं जलद, शिवाय शेवटच्यात दोनाचा ताल सोडून तिनाचा घेतलाय. संथ तुकडा शेवटच्या अलीकडे ठेवणं ही जुनी आणि अजून चालणारी युक्ती आहे, वुडविंडमध्ये तर तिथे वादकाच्या ओठांनाही विश्रांती मिळते. प्रत्येक व्हेरिएशननंतर पूर्ण थांबून पुढचं सुरू करायची पद्धत मात्र एकट्या वाद्यावर कंटाळवाणी होते, दोन-तीन तरी एकमेकांत मिसळून टाका.

मधेच चाल अजिबात ओळखू येईनाशी झाली तर?

होऊ दे, पण मुद्दाम. मग एखादी खूण पेरून ठेवा, सा-प ची ती उडी किंवा तो ठेका, आणि दर अर्ध्या मिनिटानं ती डोकावू दे. तपासायचं कसं? चाल माहीत असलेल्या पण पीस न ऐकलेल्या माणसाला मधूनच ऐकवा आणि काही न सांगता विचारा की काय आठवतंय.

बासरीसाठी लिहिलं तर यातलं काय बदलेल?

बरंच. मींड, कण, गमक हे तिथे घरचे असल्यामुळे व्हेरिएशनसाठी नोटा वाढवायची गरजच कमी, प वरून ध वर कसं जायचं यातच पाच प्रकार होतात. उलट मधेच पट्टी बदलणं किंवा सगळे बारा स्वर पटापट घेणं जिवावर येतं, कारण कोमल स्वर अर्धं भोक झाकून काढायचे. तेव्हा एकच सा धरून बसा आणि लयीत, सप्तकात, थांबण्यात खेळा. स्वरलिपी द्यायची की स्टाफ नोटेशन ते वादकाला विचारा, दोन्ही देता आलं तर उत्तम. मींड जिथे हवीच आहे तिथे खूण करा, बाकी त्याच्यावर सोडा.

जलद भाग किती जलद लिहू?

फ्लूटवर डबल टंगिंग, म्हणजे जिभेचं टोक आणि मागचा भाग आळीपाळीनं वापरून स्वर तोडणं, सहज होतं. रीडच्या वाद्यांवर जीभ आणि रीड एकमेकांच्या वाटेत येतात म्हणून ते कमी जणांना जमतं. मिनिटाला १२० मात्रांच्या पुढे पानभर तोडून वाजवायच्या सिक्स्टीन्थ नोट्स क्लॅरिनेटला देऊ नका, दोन जोडून दोन तोडून असं लिहा, ऐकायलाही तेच खेळकर वाटतं.

ट्रान्सपोझिंगचा गोंधळ होतो, लक्षात कसं ठेवायचं?

बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतं, सी ऐकू यायला डी लिहा. आल्टो सॅक्सला सी हवा तर वरचा ए लिहा. फ्लूट, ओबो, बसून लिहाल तेच. यामुळे फ्लूटवरचं सोपं डी मेजर क्लॅरिनेटला दिलं की ई मेजर होतं, चार शार्प, तेव्हा एका वाद्याचा पीस दुसऱ्याला देताना पट्टी परत निवडा.

कॉम्प्युटरवर तर मस्त वाजतंय, मग वादक का म्हणतो जमत नाही?

कारण कॉम्प्युटरला फुप्फुसं नाहीत. म्युझस्कोर किंवा दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर ओबोचा सगळ्यात खालचा बी फ्लॅट हवा तितका हळू वाजवून दाखवतं आणि फ्लूटचा खालचा सी तोफेसारखा. नोटेशन तपासायला वापरा, चुकीचा स्वर सापडतो, वेळ मोजता येतो. आवाजाच्या बाबतीत त्याचं ऐकू नका. आणि एकदा तरी सगळा पीस स्वतः तोंडानं गुणगुणा, वाद्य येत नसलं तरी, जिथे तुमचा दम संपला तिथे पेन्सिलनं खूण करा.

छापताना काय काळजी घेऊ?

पान उलटायला हात मोकळा नसतो आणि एकट्याच्या पीसमध्ये दुसरं कोणी वाजवतही नसतं, तेव्हा एकतर सगळं स्टँडवर शेजारी शेजारी मावेल अशा तीन पानांत बसवा नाहीतर पानाच्या शेवटी खरोखरचा विराम ठेवा. शीर्षकाखाली मूळ चाल कोणाची ते लिहा, लोकधून असेल तर तसं. लांब, मोकळ्या आलापासारख्या भागात बार लाइन्स काढून टाकल्या तरी चालतात, फक्त तिथे एखादी अपघाती शार्प-फ्लॅटची खूण किती वेळ लागू आहे ते परत परत लिहावं लागतं.

वादकाला पहिल्यांदा दाखवताना काय विचारायचं?

"कसं वाटलं" विचारू नका, तो चांगलंच म्हणणार. आधी नुसता कच्चा खर्डा द्या, सुबक छापील नको, छापील बघितलं की लोक बदल सुचवायला कचरतात. मग तीनच गोष्टी विचारा: कुठे दम लागला, कुठली बोटं अडकली, आणि कुठला स्वर तुला वेगळ्या सप्तकात वाजवावासा वाटला. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा बरोबर असतं. तो वाजवत असताना रेकॉर्ड करून ठेवा, आणि त्यानं चुकून एखादा विराम लांबवला असेल तर तो नीट ऐका, पुढच्या खर्ड्यात तेवढाच लांब लिहायचा का ते ठरवा.